'रेबेका'त काहीच घडत नाहीये असं वाटतंय? मग वर्णनं परत वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डॅफ्ने ड्यू मॉरिएची 'रेबेका' मैत्रिणीने "जबरदस्त गॉथिक मिस्ट्री आहे" (म्हणजे जुनं मोठं घर, त्यातली गुपितं आणि भीती) म्हणून हातात दिली, तुम्ही नवव्या-दहाव्या प्रकरणापर्यंत आलात आणि अजून ना खून, ना डिटेक्टिव्ह, ना भूत. नुसती झाडं, फुलं, धुकं, चहाचे ट्रे आणि एक घाबरट मुलगी, जिचं नावसुद्धा लेखिका सांगत नाही. वर्णनं स्किप करत पुढे जाऊ की सोडूनच देऊ, आणि समजा संपवलंच तर त्यानंतर काय वाचू, असं विचारलंय तुम्ही.

मी कॉलेजात बरीच वर्षं इंग्रजी कादंबरी शिकवली, आता रिटायर झाल्यावर एक वाचनगट चालवते आणि ही कादंबरी दोन्हीकडे वाचून घेतलीय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. सोडू नका. आणि वर्णनं तर अजिबात स्किप करू नका, कारण तुम्ही जे शोधताय ते सगळं त्या वर्णनांतच ठेवलेलं आहे. पुढचं काही फोडणार नाही, काळजी करू नका, जी उदाहरणं देईन ती तुम्ही वाचलेल्या भागातली किंवा फार तर एखाद्या प्रकरणाने पुढची असतील.

आधी अपेक्षेचं बोलू. आपण मराठी वाचक रहस्यकथा म्हणजे काय हे शिकलो ते बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडकडून आणि भयकथा शिकलो नारायण धारपांकडून. तिथे पहिल्या काही पानांतच कळतं की काहीतरी भयंकर झालंय आणि आता कुणीतरी येऊन त्याचा छडा लावणार. हा आपला वाचायचा वेग झालेला असतो आणि त्यात चुकीचं काहीच नाही, मी पण त्याच वेगाने वाढले. पण 'रेबेका'मध्ये छडा लावायला कुणी येत नाही. म्हणजे ते काम तुमच्यावर टाकलंय, आणि ते कुणी सांगत नाही म्हणून लोक शंभर पानांनंतर पुस्तक बाजूला ठेवतात.

आता बघा, पहिल्या दोन प्रकरणांत लेखिकेने काय काय सांगून टाकलंय. मँडर्ली हे घर आता उरलेलं नाही. ती मुलगी आणि तिचा नवरा जिवंत आहेत, एकत्र आहेत, परदेशात कुठल्यातरी साध्या हॉटेलात राहतात, इंग्लंडहून आलेल्या पेपरात क्रिकेटच्या बातम्या वाचतात आणि काही विषय एकमेकांसमोर काढायचेच नाहीत हे दोघांनी न बोलता ठरवलेलं आहे. हे सगळं सुरुवातीलाच! म्हणजे "वाचतील का" हा सस्पेन्स तिने स्वतःच्या हाताने काढून टाकला. मग उरलं काय? एवढं मोठं घर, एवढी इस्टेट, नोकरचाकर असलेली माणसं अशी हॉटेलात दिवस का काढतायत, त्यांनी नेमकं काय गमावलं आणि कशाच्या बदल्यात. हा प्रश्न मनात धरून वाचलंत ना, तर चहाच्या ट्रेकडेसुद्धा वेगळ्या नजरेने बघाल. गंमत म्हणजे हा सुरुवातीचा मजकूर मुळात कादंबरीच्या शेवटी होता, ड्यू मॉरिएने नंतर तो उचलून पुढे आणला. माझ्या मते या पुस्तकातला तो सगळ्यात हुशार निर्णय.

आता मँडर्लीतल्या पहिल्या सकाळचा भाग घ्या, आठवं प्रकरण. तुम्ही बहुतेक त्यावरून भरभर गेलात. नवी नवरी नाश्ता उशिरा संपवते, नवरा मॅक्सिम कामाला निघून गेलेला, लायब्ररीत जाते तर शेकोटी पेटलेली नाही. मग ही काय करते, डायनिंग रूममध्ये जाऊन काड्यापेटी उचलते, आणि तेवढ्यात फ्रिथ, म्हणजे तिथला म्हातारा बटलर, तिला बघतो. स्वतःच्या घरात काड्यापेटी घेताना चोरी पकडल्यासारखी ती गडबडून जाते. मग तो अगदी अदबीने सांगतो की लायब्ररीतली शेकोटी सहसा दुपारनंतर लावतात, सकाळी मॉर्निंग रूममधली पेटलेली असते, मिसेस डी विंटर नाश्त्यानंतर तिथे बसून पत्रं लिहायच्या, फोन करायच्या. झालं. ओरडा नाही, अपमान नाही, धमकी नाही. फक्त घराची वेळ एका मेलेल्या बाईच्या, मॅक्सिमच्या पहिल्या बायकोच्या म्हणजे रेबेकाच्या, सवयीने चालू आहे एवढं कळतं, आणि नवी बाई मुकाट्याने त्या खोलीत जाते.

तिथे एक डेस्क आहे. त्याच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या, उत्तर द्यायची पत्रं वेगळी, जपून ठेवायची वेगळी, घरखर्च, इस्टेट, मेनू, पत्ते, सगळं जिथल्या तिथे आणि सगळ्यावर तेच एक टोकदार, तिरकं अक्षर. आणि टेबलावरचा फोन वाजतो. पलीकडून विचारतात, मिसेस डी विंटर का? आणि ही मुलगी सांगते की तुमची काहीतरी चूक होतेय, मिसेस डी विंटर जाऊन वर्ष होऊन गेलं.

अहो, मिसेस डी विंटर तीच आहे ना आता! लग्न झालंय तिचं! फोन बाहेरचा नव्हताच, घरातलाच, हाउसकीपर मिसेस डॅनव्हर्सचा, दुपारच्या जेवणाचा मेनू मंजूर करून घ्यायला. पुढे तर भाजलेल्या मांसाबरोबर सॉस कुठला हवा यावरून गोष्ट येते आणि ही म्हणते की मिसेस डी विंटरनी जो सांगितला असता तोच करा. दोनच पानं आहेत ही. एवढ्यात तिने स्वतःच्या तोंडाने आधी आपण या घरात नाही असं सांगितलं आणि मग स्वयंपाकघराचा ताबा मेलेल्या बाईकडे देऊन टाकला. डॅनव्हर्सला काही करावंच लागलं नाही. गॉथिक म्हणतात ते हे. तळघरातल्या साखळ्या वाजायची वाट बघत बसलात तर हा सीन हातातून निसटतो.

मग ती पत्र लिहायला घेते, आणि स्वतःचं अक्षर बघून तिला लाज वाटते, शाळकरी, बारीक, वळण नसलेलं. आता जरा मागे जा, माँटे कार्लोला, जिथे ती आणि मॅक्सिम भेटले. तिथे मॅक्सिमने वाचायला दिलेलं कवितांचं पुस्तक असतं, त्याच्या पहिल्या पानावर रेबेकाने नाव घालून दिलेलं आणि त्यातलं नावाचं पहिलं अक्षर एवढं उंच की बाकीची अक्षरं त्याच्यापुढे खुजी दिसतात. ही ते पान कापते, फाडते आणि जाळून टाकते, आणि तिला वाटतं संपलं, आता नवीन सुरुवात. मँडर्लीत आली तर डेस्कच्या प्रत्येक कप्प्यावर तेच अक्षर. एक पान जाळलंय हिने आणि घर त्या अक्षराने भरलेलं. हे जोडायचं काम लेखिका करत नाही, ती फक्त दोन्हीकडे अक्षराचं वर्णन करते आणि पुढे जाते. तुम्ही वर्णन स्किप केलंत तर हा धागाच गेला.

फुलांचंही तसंच. मला माहितीय तिथे सगळे कंटाळतात. गाडी मँडर्लीच्या त्या लांबलचक वळणावळणाच्या रस्त्याने आत येते, झाडीतून जाताना घर काही दिसत नाही आणि अचानक दोन्ही बाजूंना रक्तासारख्या लाल ऱ्होडोडेंड्रॉनच्या भिंती. ती दचकते. असली फुलं तिने बघितलेलीच नसतात, तिच्या डोळ्यासमोरचे ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे साधे, घरगुती, गोल वाफ्यात नीट लावलेले. आणि मग दुसऱ्या दिवशी त्या मॉर्निंग रूममध्ये जाते तर खिडकीबाहेर तीच फुलं दाटलेली, आणि खोलीच्या आत फ्लॉवरपॉटमध्ये पण तीच, दुसरं एकही फूल नाही. कुणीतरी हे मुद्दाम ठरवून लावलेलं आहे. बाहेरचा रस्ता आणि आतली खोली एकाच बाईच्या आवडीने बांधलीय, आणि तिची आवड भडक, धीट, कुणालाही न घाबरणारी आहे. रेबेकाच्या स्वभावाबद्दल तिथवर कुणी तोंडाने फारसं सांगितलेलं नसलं तरी तुम्हाला तिच्याबद्दल केवढी माहिती मिळाली बघा.

(जाता जाता, ही फुलं आपल्याकडची, बरं का. बुरांश म्हणतो ना आपण उत्तराखंडात, हिमाचलात गेल्यावर, तेच कुळ. १९व्या शतकाच्या मध्याला जोसेफ डाल्टन हुकर सिक्कीममध्ये फिरून ऱ्होडोडेंड्रॉनच्या कितीतरी जाती गोळा करून इंग्लंडला घेऊन गेला, आणि कॉर्नवॉलची दमट हवा त्यांना मानवली, म्हणून तिथल्या मोठ्या बागांत ती झाडं अशी माजलेली. म्हणजे मँडर्लीच्या दारातली ती लाल भिंत शोभेसाठी बाहेरून आणून रुजवलेली आहे, आणि पहिल्या प्रकरणातल्या स्वप्नात तीच ५० फूट उंच होऊन रानटी झुडपांत गुंतलेली दिसते.)

आणि समुद्र. मला विचाराल तर तुम्ही वाचलेल्या भागातला सगळ्यात मोठा पुरावा हा. नव्या जोडप्याला पूर्वेकडच्या भागात खोल्या दिल्यात, गुलाबाच्या बागेसमोर. छान आहेत, नव्याने रंगवून घेतल्यात. मिसेस डॅनव्हर्स खोली दाखवताना सांगते की इथून समुद्र दिसत नाही, ऐकूसुद्धा येत नाही, समुद्र जवळ आहे हे इथे राहून कळणारच नाही. आणि पश्चिमेकडची, समुद्रावर उघडणारी, घरातली सगळ्यात सुंदर खोली रेबेकाची. ही बिचारी लगेच ठरवते की डॅनव्हर्स आपल्याला कमी लेखतेय, आपल्याला दुय्यम खोली मिळालीय. आणि आपणही तिच्याबरोबर तसंच समजतो. पण थांबा. या खोल्या नव्याने तयार करायला सांगितल्या कुणी? मॅक्सिमने. जन्मभर त्या घरात वाढलेल्या माणसाला समुद्राचा आवाजसुद्धा येणार नाही अशी खोली का हवीय? बायको बुडून मेली म्हणून दुःख, हे एक उत्तर झालं आणि पुस्तकातली सगळी माणसं तेच धरून चाललीत. तुम्ही ते एक उत्तर लिहून ठेवा आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

हाच माझा मुख्य मुद्दा आहे. नेहमीच्या रहस्यकथेत पुरावा म्हणजे रक्ताचा डाग, तुटलेलं कुलूप, रेल्वेचं तिकीट. इथे पुरावा म्हणजे खोली कुठल्या बाजूला आहे, फुलं कुठली आहेत, शेकोटी किती वाजता पेटते, कुठला रस्ता नवरा टाळतो. वातावरण वातावरण म्हणतात ते हवा भरायला टाकलेलं नाही.

आता त्या मुलीबद्दल. ती इरिटेट करते, मान्य, गटात दरवेळी कुणीतरी वैतागून म्हणतंच की हिला कुणीतरी हलवा रे. पण तिची परिस्थिती बघा ना. २१ च्या आसपास वय, आईवडील नाहीत, मिसेस व्हॅन हॉपर नावाच्या आगाऊ बाईची पगारी सोबतीण, वर्षाला ९० पौंड. तिच्याहून दुप्पट वयाचा, ४२चा श्रीमंत विधुर तिला लग्नाचं विचारतो तेही नाश्त्याच्या टेबलावर, वैतागलेल्या सुरात. नोकरांच्या रांगेसमोर तिच्या हातातले ग्लोव्हज खाली पडतात आणि ते उचलून देते मिसेस डॅनव्हर्स. कुणीच तिला काही शिकवलेलं नाही, सांगितलेलं नाही, नवरा तर सगळ्यात कमी बोलतो. घाबरणार नाही तर काय करेल? आणि ती घाबरट असणं कथेला लागतंच, कारण धीट मुलगी असती तर दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला समोर बसवून विचारलं असतं की रेबेकाचं नेमकं काय झालं, आणि कादंबरी तिथेच संपली असती.

पण तिचा एक दोष मात्र तुम्ही नीट लक्षात ठेवा. ती कल्पना फार करते. कुणी खोलीतून बाहेर गेलं की ते बाहेर जाऊन आपल्याबद्दल काय बोलत असतील याचे पूर्ण संवाद तिच्या डोक्यात सुरू होतात, आणि ते इतके खरे वाटतात की भरभर वाचणारा माणूस ते घडलंच असं समजून पुढे जातो. मी गटात सगळ्यांना पेन्सिल घ्यायला लावते. तिने डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं त्याला समासात एक रेघ, आणि तिला नुसतं वाटलेलं त्याला गोल. तीन-चार प्रकरणं असं करून बघा, गोलांची संख्या बघून तुम्हीच चकित व्हाल. आणि गोल सोडून फक्त रेघा परत वाचल्यात तर मॅक्सिम, डॅनव्हर्स, रेबेका तिघंही वेगळीच दिसायला लागतात.

अकराव्या प्रकरणात फ्रँक क्रॉली, इस्टेटीचा मॅनेजर, तिच्याशी चालत चालत बोलतो. सज्जन माणूस, या घरात तिच्याशी सरळ वागणारा जवळजवळ तो एकटाच. ती धीर करून त्याला विचारते, रेबेका फार सुंदर होती का? तो जरा थांबतो, चेहरा घराकडे वळवतो, तिला त्याचा चेहरा दिसत नाही, आणि मग सावकाश सांगतो की हो, मी आयुष्यात बघितलेली ती सगळ्यात सुंदर व्यक्ती होती. ती ऐकते फक्त "सगळ्यात सुंदर" आणि खचते. आता तुमच्या पेन्सिलीने बघा. थांबला का? चेहरा का फिरवला? रूपाचं विचारलं तर रूपाचंच सांगितलं, स्वभावाचं एक अक्षर नाही. रेबेकाचं कौतुक कोण मोकळेपणाने करतंय आणि कोण असं मोजूनमापून बोलतंय याची एक छोटी यादी पुस्तकाच्या मागे करत चला. त्या यादीने मला पहिल्या वाचनातच जाग आणली होती.

मॅक्सिमबद्दल माझं मत स्पष्ट सांगते, तुम्हाला पटलं नाही तरी चालेल. हा रोमँटिक हिरो नाही आणि त्याला तसा वाचलात तर फसाल. १९३८ मध्ये पुस्तक आलं तेव्हा प्रकाशकाने प्रेमकथा म्हणून त्याचा गाजावाजा केला, अजूनही कितीतरी मुखपृष्ठांवर तसंच सजवतात, पण ड्यू मॉरिए स्वतः म्हणायची की हा मत्सराचा अभ्यास आहे. ते मला जास्त खरं वाटतं. बायकोच्या डोक्यावरून हात फिरवणं, लहान मुलीशी बोलल्यासारखं बोलणं आणि नको तो विषय निघाला की एकदम बर्फ होणं, हे प्रेमळ म्हणून सोडून देऊ नका, ते पण पुराव्यातच घाला.

लेखिकेचं थोडं माहीत असलं तर वर्णनं अजून भिडतात. हे पुस्तक तिने लिहायला घेतलं १९३७ मध्ये इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियात. नवरा सैन्यात अधिकारी, त्याची तिथे बदली, हिला ते ऊन आणि तिथल्या पार्ट्या अजिबात सहन होत नव्हत्या आणि कॉर्नवॉलच्या पावसाची, धुक्याची, समुद्राची आठवण जीव खात होती. फोई गावाजवळचं मेनाबिली नावाचं, झाडीत लपलेलं एक जुनं घर तिने तरुणपणी बघून ठेवलेलं, ते दुसऱ्याच कुटुंबाच्या मालकीचं, आणि हिचा जीव त्याच्यात अडकलेला. 'रेबेका'नंतर पाच वर्षांनी, १९४३ मध्ये, तिने ते भाड्याने मिळवलं आणि पुढे १९६९ पर्यंत तिथे राहिली. तर मँडर्लीची ती ओली पानं, ती वाट, तो वास, हे सगळं कोरड्या उन्हात बसून तळमळीने आठवून लिहिलेलं आहे, आणि दुसऱ्याच्या घरात आपण परके आहोत ही भावना तर तिला घरासकट ओळखीची होती.

एक कळकळीची विनंती, सिनेमा आधी बघू नका. १९४० चा हिचकॉकचा सिनेमा अप्रतिम आहे, ऑस्करला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण त्या काळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांमुळे त्यात कथेतली एक अगदी कळीची गोष्ट बदलावी लागली. म्हणून "सिनेमा बघितलाय, शेवट माहितीय" म्हणणाऱ्यांना पुस्तकाचा गाभा खरंच माहीत नसतो. पुस्तक संपवा, मग तो बघा, आणि मग आपला १९६४ चा 'कोहरा' पण जरूर बघा, त्यात वहीदा रेहमान नवी नवरी आणि मिसेस डॅनव्हर्सच्या जागी आपल्या ललिता पवार. डॅनव्हर्स कधी घाईत चालत येताना दिसत नाही, ती अचानक तिथे असतेच, हे ललिताबाईंनी नुसत्या उभं राहण्यातून दाखवलंय.

वाचायचं कसं म्हणाल तर एका बैठकीत निदान दोन प्रकरणं सलग वाचा. बसमध्ये, मेसेज बघता बघता, पाच पाच पानं करून हे पुस्तक चढत नाही. इंग्रजी सोपं आहे, झाडाफुलांच्या नावांसाठी डिक्शनरी उघडू नका, रंग आणि वास कळला की पुरे. पुढे एक फॅन्सी ड्रेसची पार्टी येईल, पुस्तकाच्या अर्ध्याच्या थोडं पुढे. तिथवर पेन्सिल चालवत सावकाश या, आणि त्या प्रकरणाला हात घालाल तेव्हा दुसऱ्या दिवशी सुट्टी असू दे, कारण तिथून पुढे तुम्ही थांबणार नाही, हे मी लिहून देते. आणि शेवटचं पान झालं की पुस्तक ठेवू नका, लगेच पहिली दोन प्रकरणं परत वाचा. तेच हॉटेल, तोच पेपर, तेच न काढायचे विषय, आता त्यातलं एकेक वाक्य कशाबद्दल होतं ते कळेल.

यानंतर काय, तर दोनच सुचवते. आधी शार्लट ब्राँटेची 'जेन आयर', १८४७ ची, कारण मोठं घर, गप्प गप्प मालक आणि नवी आलेली गरीब मुलगी हे सगळं तिथून आलेलं आहे, आणि दोन्ही मुलींची तुलना केलीत तर जेन किती तोंडावर उत्तर देते ते बघून मजा येईल. मग ड्यू मॉरिएचीच १९५१ ची 'माय कझिन रेचेल'. त्यात कथा सांगणारा एक तरुण मुलगा आहे आणि संशय एका बाईवर आहे, आणि ती पेन्सिल तिथे अजून जास्त लागेल, म्हणून टोक करून ठेवा.